शंभर डॉलरचा आमदार आणि त्याचं खरं बिल

आमदारांच्या पगाराचा किंवा पेन्शनचा विषय पेपरात आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड दोन दिवसांत येतोच. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात आमदाराला वर्षाला फक्त १०० डॉलर मिळतात, बंगला नाही, पीए नाही, पेन्शन नाही, आणि आपले बघा! खाली तीन लालबुंद चेहरे आणि "जास्तीत जास्त शेअर करा". मग काका लिहितात की राजकारण ही सेवा आहे, नोकरी नव्हे, त्याला दहा अंगठे येतात, आणि विषय संपतो. गंमत अशी की मी इकडे टेक्सासमध्ये बरीच वर्षं राहतोय आणि माझे गोरे शेजारीही अगदी हेच बोलतात, फक्त आकडा वेगळा. आमचा आमदार महिन्याला ६०० डॉलरवर काम करतो, तेही दोन वर्षांतून १४० दिवस, बाकी वेळ आपापला धंदा बघतो, म्हणून टॅक्स कमी आणि राज्य सुखी. म्हणजे सातारचे काका आणि सॅन अँटोनियोचा बॉब, दोघं एकमेकांना कधी न भेटता एकाच गोष्टीवर खूश आहेत.

फॉरवर्ड खोटा नाहीये, हे आधीच सांगतो, नाहीतर मी आमदारांची वकिली करतोय असं वाटेल. आकडे बरोबर आहेत. चुकलंय ते त्यावरून काढलेलं अनुमान. माझं म्हणणं एवढंच की आमदार स्वस्त केला म्हणून सत्ता स्वस्त होत नाही. कायदे करायचं काम तेवढंच राहतं, ते करायला आमदाराकडे वेळ, माणसं आणि पोटापाण्याची सोय नसली की ते काम आणि त्याबरोबर येणारी सत्ता दुसऱ्या कुणाकडे तरी सरकते, गव्हर्नरकडे, कंपन्यांच्या वतीनं कायदे आपल्या बाजूनं वळवून घेणाऱ्या लॉबीवाल्याकडे, किंवा ज्याच्या घरी आधीच भरपूर आहे त्याच्याकडे. आणि ती सरकलेली सत्ता परत मागायला आपल्याला कुठलंही मतपत्रिकेवरचं नाव सापडत नाही.

आता न्यू हॅम्पशायरचं जे चांगलं आहे ते मोकळ्या मनानं मान्य करू. राज्याची लोकसंख्या जेमतेम १४ लाख आणि विधानसभेत ४०० आमदार, वर सिनेटमध्ये आणखी २४. म्हणजे साडेतीन हजार माणसांमागे एक आमदार. आपल्याकडे एवढ्या लोकांत एखादी मोठी हाउसिंग सोसायटी होते आणि तिचा सेक्रेटरीसुद्धा फोन उचलत नाही. इथला आमदार किराणा दुकानात भेटतो, त्याला ऑफिस नाही, स्वतःचा स्टाफ नाही, स्वतःच फोन घेतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथे मांडलेल्या प्रत्येक विधेयकावर जाहीर सुनावणी होते आणि प्रत्येक विधेयक सभागृहात मतदानाला येतं. बहुतेक राज्यांत कमिटीचा अध्यक्ष नको असलेलं विधेयक फाइलीत दाबून ठेवतो आणि ते तिथेच मरतं. ही पद्धत खरंच कौतुकाची आहे, आणि तिचा १०० डॉलरशी काहीही संबंध नाही. पगार पन्नास हजार केला तरी सुनावणी होऊ शकते. आणि तो पगार कुणी थोर त्यागातून ठरवलेलाही नाही, १८८९ साली राज्यघटनेत दोन वर्षांच्या एका टर्मला २०० डॉलर असं लिहून ठेवलं, तेव्हा ती बऱ्यापैकी रक्कम होती, नंतर तो आकडा बदललाच नाही, बस. महागाईनं खाल्लेल्या पगाराला आपण साधेपणा म्हणतोय.

आणि ज्यांना परवडतं तेच तिथे बसतात हे विसरू नका. न्यू हॅम्पशायरच्या सभागृहात निवृत्त माणसांचा भरणा मोठा आहे, ज्यांना सकाळी कामावर जायचं नाही. दुसरे येतात ते ध्येयानं पेटलेले. २००१ साली फ्री स्टेट प्रोजेक्ट नावाची चळवळ निघाली, की सरकार कमीत कमी हवं म्हणणाऱ्या २० हजार लोकांनी एका छोट्या राज्यात जाऊन राहायचं आणि ते राज्य आपल्या विचारांनी चालवायचं. त्यांनी निवडलं न्यू हॅम्पशायर. त्यातले बरेच जण आज आमदार आहेत. यात बेकायदा काही नाही, निवडून आलेत, पण ज्या खुर्चीवर बसायला सामान्य नोकरदार तयार नाही ती खुर्ची संघटित मूठभरांना किती सहज मिळते हे दिसतं ना?

इथे एक गोष्ट आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे अमेरिकेत राज्याचं विधिमंडळ किती मोठी चीज आहे. आपण बघतो व्हाइट हाउस, फार तर काँग्रेस, म्हणजे तिथली संसद. पण प्रॉपर्टी टॅक्सचे नियम, शाळा-कॉलेजचा पैसा, बंदुकीचं लायसन्स, घरभाड्याचे कायदे, तुरुंग, डॉक्टरचा परवाना, गर्भपाताचा निर्णय राज्यांवर सोडणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या डॉब्स निकालानंतर गर्भपात, हे सगळं राज्य ठरवतं. आणि बहुतेक राज्यांत काँग्रेसचे मतदारसंघसुद्धा आमदारच आखतात, म्हणजे वॉशिंग्टनला कोण जाणार हे बऱ्याच अंशी ऑस्टिनमध्ये किंवा मॅडिसनमध्ये, म्हणजे टेक्सासच्या किंवा विस्कॉन्सिनच्या राजधानीत ठरतं. विस्कॉन्सिनमध्ये २०१८ ला डेमोक्रॅट्सना विधानसभेच्या मतांपैकी साधारण ५३ टक्के मिळाली आणि ९९ पैकी जागा मिळाल्या ३६, ही मतदारसंघांच्या नकाशाची करामत. शिवाय गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे, तो लोकांनी थेट निवडलेला, मुख्यमंत्र्यासारखा, पण सभागृहात न बसणारा. त्यामुळे तिथे सरकार पडायची भीती नाही, आपल्यासारखा पक्षांतरबंदीचा बडगा नाही, आमदार स्वतःच्या पक्षाच्या गव्हर्नरविरुद्धही मत देऊ शकतो, आणि कायद्याचा मसुदा मंत्रालयातून न येता आमदाराच्या नावानं येतो. थोडक्यात, त्यानं खरंच कायदे करणं अपेक्षित आहे. ज्याच्याकडून हे अपेक्षित आहे त्याला वर्षाला १०० डॉलर? किंवा टेक्साससारखे ७,२००?

टेक्सासचंच घेऊ, कारण रोजचं आहे. इथली राज्यघटना १८७६ ची. गुलामगिरीवरून झालेल्या सिव्हिल वॉरनंतर काही वर्षं रिपब्लिकन गव्हर्नर एडमंड डेव्हिसचं सरकार होतं, टॅक्स वाढले, राज्य पोलीस आले, सरकारी शाळा आल्या, आणि सिनेटमध्ये जॉर्ज रूबी आणि मॅथ्यू गेन्स हे काळे सिनेटर बसले. ते सरकार गेल्यावर नव्या घटनेनं सरकारचे हातपाय बांधून टाकले, गव्हर्नरचे बांधले आणि विधिमंडळाचेही. काटकसर हे कारण होतंच, खोटं कशाला बोलू, पण ज्या सरकारात गुलामीतून सुटलेल्यांना वाटा मिळाला त्या सरकारबद्दलचा रागही त्यात होता. तेव्हापासून कमी सरकार म्हणजे चांगलं सरकार हा इथला मंत्र. आज नियम असा की विषम वर्षाच्या जानेवारीत अधिवेशन सुरू होतं आणि १४० दिवसांत संपतं. इथे एक जुना जोक आहे, की घटनाकारांना खरं तर १४० वर्षांतून दोन दिवस म्हणायचं होतं.

जोकला लोक हसतात, पण पुढचं बघा. मे २०१९ मध्ये अधिवेशन संपलं आणि आमदार घरी गेले. मार्च २०२० मध्ये कोव्हिड आला. दुकानं बंद करायची का, शाळा कधी उघडायच्या, मास्क सक्तीचा की नाही, शहरांना स्वतःचे नियम करता येतील का, निवडणुकीत मतदान कसं घ्यायचं, एवढे सगळे जीवनमरणाचे प्रश्न आणि टेक्सासचं विधिमंडळ जानेवारी २०२१ पर्यंत एकदाही भरलं नाही. आमदारांना स्वतःहून जमताच येत नाही, खास अधिवेशन बोलवायचा अधिकार फक्त गव्हर्नरला, आणि त्यात कुठले विषय घ्यायचे तेही तोच ठरवतो. त्यानं बोलावलं नाही. सगळं राज्य, तीन कोटींच्या आसपास माणसं, एका माणसाच्या आदेशांवर चाललं, १९७५ च्या आपत्ती कायद्याच्या आधारावर. गंमत म्हणजे गव्हर्नरवर चिडलेल्यांत त्याच्याच पक्षाचे कितीतरी आमदार होते. पण चिडून करणार काय, घरी बसून ट्वीट?

दुसरं उदाहरण थंडीचं. फेब्रुवारी २०११ मध्ये टेक्सासमध्ये कडाक्याची थंडी पडली, वीज केंद्रं गारठून बंद पडली, लाखो घरांची वीज गेली. केंद्रातल्या नियामक संस्थांनी चौकशी करून अहवाल दिला की वीज केंद्रं आणि गॅसच्या विहिरी थंडीला तोंड देतील अशा तयार करा. अहवाल आला ऑगस्ट २०११ मध्ये. तोवर आमदार घरी गेलेले, पुढचं अधिवेशन जानेवारी २०१३. दीड वर्षात थंडी कुणाला आठवते? उन्हाळ्यात तर इथे ४० च्या वर पारा जातो. सक्ती करणारा कायदा झाला तो २०२१ मध्ये, फेब्रुवारीच्या त्या वादळानंतर, ज्यात राज्याच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणे २४६ माणसं गेली. आमच्या घरी तेव्हा सलग दोन दिवस वीज नव्हती, बाथटबमधलं पाणी बादलीनं टॉयलेटमध्ये ओतत होतो आणि गाडीत बसून फोन चार्ज करत होतो. मी असं म्हणत नाही की आमदार बारा महिने बसले असते तर सगळं टळलं असतं, वीज कंपन्यांचं वजन, कमी नियमांची हौस, बरीच कारणं आहेत. पण एखादा विषय धरून ठेवायला, अधिकाऱ्याला दर तीन महिन्यांनी समोर बसवून काय झालं म्हणून विचारायला कुणीतरी लागतं. १४० दिवसांत हजारो विधेयकं हातावेगळी करणारा माणूस ते करू शकत नाही.

मग ती हजारो विधेयकं लिहितं कोण? ज्याला कायद्याची भाषा येते, ज्याच्याकडे वेळ आहे आणि ज्याला पगार मिळतो तो. म्हणजे लॉबीवाला. यात फार रहस्य काही नाही. अमेरिकन लेजिस्लेटिव्ह एक्स्चेंज कौन्सिल नावाची संस्था १९७३ पासून हेच करते, कंपन्यांचे लोक आणि आमदार एकत्र बसून तयार मसुदे बनवतात, आमदार तो मसुदा आपल्या राज्यात नेऊन मांडतो. जीव धोक्यात वाटला तर मागे न हटता गोळी झाडायची मुभा देणारा कायदा फ्लोरिडानं २००५ मध्ये केला, त्याचा मसुदा या संस्थेनं घेतला आणि तो एकापाठोपाठ एक राज्यांत पोचला. २०१९ मध्ये काही वृत्तपत्रांनी मिळून कॉम्प्युटरवर विधेयकं ताडून पाहिली तेव्हा आठ वर्षांत दहा हजारांहून जास्त विधेयकं जवळजवळ जशीच्या तशी अशा तयार मसुद्यांवरून उचललेली निघाली. डावेही करतात, उजवेही करतात, कंपन्या तर करतातच. आमच्या कॉलेजात जर्नल कॉपी केलं तर सर फाडून टाकायचे.

आता विरोधातला सगळ्यात दणकट मुद्दा. लोक म्हणतात ठीक आहे, मग भरपूर पगार देणारी राज्यं घ्या, तिथे काय दिवे लावलेत? प्रश्न रास्त आहे. न्यूयॉर्कमध्ये वीस वर्षांहून जास्त स्पीकर राहिलेले शेल्डन सिल्व्हर आणि सिनेटचे नेते डीन स्केलॉस, दोघंही २०१५ मध्ये भ्रष्टाचारात दोषी ठरले, दोघांचे निकाल अपिलात उलटले, पुन्हा खटले झाले आणि पुन्हा दोषीच. इलिनॉयमध्ये मायकल मॅडिगन, साडेतीन दशकं स्पीकर, २०२५ मध्ये साडेसात वर्षांची शिक्षा. कॅलिफोर्नियात २०१४ साली एकाच वेळी तीन सिनेटर निलंबित होते, त्यातला एक तर बंदुकांच्या तस्करीच्या प्रकरणात अडकलेला. म्हणजे पगार दिला की माणूस साधू होतो असं कुणी सांगत असेल तर हसून सोडून द्या.

पण या प्रकरणांत पैसा कुठून आला ते बघा की जरा. सिल्व्हर आमदारकीबरोबर वकिलीही करत होते आणि लाच आली ती वकिलीच्या फीच्या रूपात, अगदी चेकनं. मॅडिगन यांचीही स्वतःची लॉ फर्म, प्रॉपर्टी टॅक्सची अपिलं लढवणारी. स्केलॉस यांनी मुलासाठी कंपन्यांकडून कामं आणि पैसे मिळवले. म्हणजे भ्रष्टाचाराचा दरवाजा होता बाहेरची कमाई, जी "आमदारकी ही अर्धवेळ सेवा आहे" या गोड कल्पनेमुळेच कायदेशीर राहते. न्यूयॉर्कमध्ये पगार १९९९ पासून जवळजवळ वीस वर्षं ७९,५०० वर गोठलेला होता, मॅनहॅटनच्या भावात ही काही श्रीमंती नव्हे. नंतर त्यांनी पगार १ लाख ४२ हजार केला आणि त्याच कायद्यात बाहेरच्या कमाईला ३५ हजारांची मर्यादा घातली. मला हा सौदा पटतो. पूर्ण पगार घे आणि पूर्णवेळ आमचा हो. "थोडासा आमचा आणि बाकी ज्याचं खातोस त्याचा" यापेक्षा बरं.

कॅलिफोर्नियाची गोष्ट जरा वळणाची आहे आणि माझ्या बाजूनं सरळ लागत नाही, तरी सांगतो. तिथलं विधिमंडळ १९६६ पासून पूर्णवेळ, पगार चांगला, स्टाफ तगडा, देशभर त्याचं नाव. तरीही १९९६ मध्ये त्यांनी वीजक्षेत्र खुलं करायचा कायदा एकमतानं, हो, एकाही विरोधी मताशिवाय, पास केला आणि २०००-०१ मध्ये राज्य अंधारात गेलं, एन्रॉनचे व्यापारी वीज बाजारात खेळ करत होते. (एन्रॉन म्हटल्यावर आपल्याकडे दाभोळ आठवतं, तीच ती.) म्हणजे पूर्णवेळ पगारी आमदारही शेण खातात. पण मधल्या एका गोष्टीकडे लक्ष द्या. १९९० मध्ये स्पीकर विली ब्राउन यांच्यावर चिडून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी जनमतानं ठरवलं की विधानसभेत जास्तीत जास्त सहा वर्षं, सिनेटमध्ये आठ, आणि विधिमंडळाच्या खर्चालाही मोठी कात्री. लगेच अनुभवी स्टाफ राजीनामे देऊन गेला. गेला कुठे? बरेच जण समोरच्या रस्त्यावरच्या लॉबी फर्ममध्ये. वीस वर्षं पाणी, वीज, अर्थसंकल्प यात मुरलेली माणसं सरकारी खुर्चीतून उठून खाजगी खुर्चीत बसली. १९९६ चा गोंधळ फक्त यामुळे झाला असं म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही, पण मतदारांना राग होता राजकारण्यांवर आणि फायदा झाला लॉबीचा, एवढं तरी नक्की. २०१२ मध्ये त्यांनी नियम सैल करून एकूण बारा वर्षं केली.

आणखी एक मुद्दा जो फॉरवर्डवाल्यांना माहीत नाही पण माहीत असता तर त्यांनी मला गप्प केलं असतं. निकोलस कार्न्स आणि एरिक हॅन्सन या अभ्यासकांनी २०१६ मध्ये दाखवलं की जास्त पगार देणाऱ्या राज्यांत कामगार वर्गातले आमदार जास्त असतात असं काही दिसत नाही, उलट पगार वाढला की वकील-व्यावसायिकांनाच ती जागा आकर्षक वाटते. मी हे वाचलं तेव्हा माझा अर्धा लेख कोसळला होता खरं सांगायचं तर. पण विचार केला की यातून काय सिद्ध होतं? एवढंच की पगार हा एकटा दरवाजा उघडत नाही, कारण दरवाजाच्या आधी निवडणूक नावाचा टोलनाका आहे. आपले श्री ठाणेदारच बघा, चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले, अस्सल मराठी माणूस. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी उतरले तेव्हा स्वतःचे लाखो डॉलर घातले आणि प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीतच हरले, मग २०२० मध्ये राज्याच्या विधानसभेत गेले आणि तिथून काँग्रेसमध्ये. मिशिगनच्या आमदाराचा पगार ७१ हजारांच्या वर आहे, त्यांना तो नसता तरी चाललं असतं. अभिमान वाटतो, वाटायलाच हवा, पण ठाणेदारांकडे कंपनी विकून आलेला पैसा होता. बेळगावातून आलेली दुसरी एखादी बाई, जी इथे शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करते, तिनं काय करायचं? तेव्हा निवडणुकीच्या खर्चाचं बघावंच लागेल. पण त्यासाठी पगार शून्य ठेवणं म्हणजे टोलनाका आहेच तर पुढचा रस्ताही खणून ठेवा असं म्हणण्यासारखं आहे.

आमच्या गल्लीत एक नर्स आहे. कोव्हिडमध्ये तिनं जे केलं त्यावरून सगळे तिला म्हणायला लागले की तू निवडणुकीला उभी राहा. ती हिशोबी बाई, तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेतला. दोन वर्षांचा पगार १४,४००. अधिवेशनाचा भत्ता रोज २२१ प्रमाणे १४० दिवसांचे ३०,९४०. एकूण ४५,३४०, दोन वर्षांचे. ऑस्टिनमध्ये पाच महिने राहायचं, घरचा हप्ता चालूच, हॉस्पिटल पाच महिन्यांची रजा देणार का ते माहीत नाही, आणि गव्हर्नरनं खास अधिवेशन बोलावलं तर एकेक महिना परत. कुणीतरी तिला सांगितलं की ऑस्टिनचं भाडं निवडणुकीच्या देणग्यांतून भरता येतं, टेक्सासमध्ये ते कायदेशीर आहे. ती म्हणाली, म्हणजे ज्यानं देणगी दिली त्याच्या पैशानं मी झोपणार आणि सकाळी उठून त्याच्याच विधेयकावर मत देणार? कागद चुरगळून टाकला तिनं. आमच्याकडे कोण निवडून येतं मग? वकील, रिअल इस्टेटवाले, विम्याचा धंदा असलेले. माणसं वाईट नाहीत, पण सगळ्यांचा दिवस एकाच प्रकारे जातो.

हे काही नवं नाहीये. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात अमेरिकेची घटना लिहिली जात होती तेव्हा साउथ कॅरोलायनाच्या चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनीनं सरळ मांडलं की सिनेटरांना पगार देऊच नये, कारण हे सभागृह देशातल्या संपत्तीचं प्रतिनिधित्व करायला आहे आणि बिनपगारी ठेवलं की श्रीमंतच येतील. किती प्रामाणिक! बेंजामिन फ्रँकलिननंही पाठिंबा दिला होता, त्याची कारणं वेगळी, त्याला सेवाभाव हवा होता, अगदी आमच्या काकांसारखा. सहा विरुद्ध पाच राज्यांनी तो ठराव पडला. म्हणजे एकाच ठरावामागे एकाला श्रीमंतांचं राज्य हवं होतं आणि एकाला संतांचं, आणि दोघांनाही मार्ग तोच दिसला. ब्रिटनमध्ये १८३८ साली चार्टिस्ट कामगारांनी सहा मागण्या केल्या, त्यात मतदानाच्या हक्काबरोबर खासदारांना पगार ही मागणी होती. गिरणीत राबणाऱ्यांनी पुढाऱ्यांसाठी पगार मागितला, का? कारण पगार नसेल तर गिरणीमालकच पार्लमेंटात बसणार हे त्यांना फॉरवर्ड न वाचता कळत होतं. तो पगार मिळाला १९११ मध्ये. तोवर दोन पिढ्या गेल्या.

आणि स्वस्त आमदार खरंच स्वस्त असतो का? टेक्सासमध्ये पगार ६०० डॉलर महिना, १९७५ पासून तोच, त्या ६०० ची आज साडेतीन हजारांच्या आसपास किंमत झाली असती. पगार वाढवायचा तर मतदारांसमोर जायचं, म्हणजे शिव्या. मग आमदारांनी काय केलं, स्वतःचं पेन्शन स्वतःच्या पगाराशी न जोडता जिल्हा न्यायाधीशाच्या पगाराशी जोडून घेतलं. न्यायाधीशाचा २०२५ पर्यंतचा मूळ पगार १ लाख ४० हजार धरला तर बारा वर्षं आमदारकी केलेल्याला वर्षाला ३८ हजारांच्या वर पेन्शन बसतं, म्हणजे काम करताना ७,२०० आणि घरी बसल्यावर त्याच्या पाचपट. पेन्शनवरून आपण मुंबईतल्या आमदारांना जे बोलतो ते इथे कुणी बोलत नाही, कारण बॉबला ६०० चा आकडा पाठ आहे आणि हा माहीतच नाही. समोरून घेता येत नाही तेव्हा मागून घेतलं जातं. ऑगस्ट २०२५ मध्ये तर कहर झाला, मतदारसंघांचा नवा नकाशा अडवायला पन्नासहून जास्त डेमोक्रॅट आमदार कोरम, म्हणजे सभागृह चालायला लागणारी किमान हजेरी, मोडून राज्याबाहेर निघून गेले, बरेचसे इलिनॉयला, आणि सभागृहाच्या नियमाप्रमाणे गैरहजेरीचा दंड रोज ५०० डॉलर. पगार महिन्याला ६००. ज्याच्या खिशात स्वतःचं काही नाही त्यानं असा निषेध करायची हिंमत करावी का? त्यांच्या राजकारणाबद्दल तुमचं काहीही मत असो, हा हिशोब विचित्र आहे.

आमदारांनी स्वतःचा पगार स्वतः वाढवावा हे मलाही खुपतं. त्यावर उपाय जुना आहे आणि त्याची गोष्ट तर इथल्याच ऑस्टिनची. १७८९ मध्ये एक घटनादुरुस्ती सुचवली होती की काँग्रेसनं पगार बदलला तरी तो पुढची निवडणूक झाल्यावरच लागू होईल. पुरेशा राज्यांनी मंजूर केली नाही, पडून राहिली. १९८२ मध्ये ग्रेगरी वॉटसन नावाच्या टेक्सास विद्यापीठातल्या विद्यार्थ्यानं पेपर लिहिला की हिला मुदत घातलेली नाही, म्हणजे अजून जिवंत आहे. मिळाला सी ग्रेड. पठ्ठ्यानं देशभरातल्या राज्यांच्या आमदारांना पत्रं लिहायला सुरुवात केली, त्यांनी एकेक करून मंजुरी दिली, आणि १९९२ मध्ये ती सत्ताविसावी घटनादुरुस्ती झाली. ग्रेड २०१७ मध्ये विद्यापीठानं बदलून ए केला. म्हणजे दोनशे वर्षं पडलेलं काम राज्यांच्या आमदारांनीच पुरं केलं, पगाराच्याच विषयावर. तीच अट प्रत्येक राज्यात लावा, पगार बाहेरच्या समितीला ठरवू द्या, बाहेरची कमाई बंद करा, आणि मग त्याच्याकडे हक्कानं बारा महिने काम मागा.

राहिला आपला महाराष्ट्र. आपल्या २८८ आमदारांना पगार भरपूर आहे, कुणी नाकारत नाही, आणि तरी राग येतो तो बरोबरच येतो. पण राग पगाराचा आहे की पगार घेऊन अधिवेशन अर्ध्यावर गुंडाळण्याचा? गोंधळात चर्चेविना मंजूर होणाऱ्या विधेयकांचा? व्हिप निघाला की हात वर करणाऱ्या माणसाला न्यू हॅम्पशायरचे १०० डॉलर दिले तरी तो हातच वर करणार. त्याला किती दिवस बसवलं, किती प्रश्न विचारले, कुठल्या कमिटीत काय वाचलं, हे मोजणारा फॉरवर्ड मला अजून एकदाही आलेला नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं. काका म्हणाले, तू तिकडे राहून फार बदललास.

टेक्सासचं पुढचं अधिवेशन १२ जानेवारी २०२७ ला सुरू होतंय. नर्सबाईच्या जागी आमच्या मतदारसंघातून जो माणूस बसलाय त्याचा विम्याचा धंदा आहे, आणि विम्याच्या कमिटीवर जायची त्याची इच्छा आहे असं कानावर आलंय. बॉब म्हणतो चांगलंच आहे की, त्याला त्यातलं कळतं, आणि पगारही काही घेत नाही बिचारा.